दाभोळ ते गणपतीपुळे, दोन खाड्या आणि भरपूर चढ: किनाऱ्यावरच्या ग्रुप सायकल राईडचा रिव्ह्यू

अलिबाग ते वेंगुर्ला किनाऱ्याकिनाऱ्याने जी ग्रुप राईड केली तिच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून लिहितेय. सगळी राईड लिहायला बसले तर कुणी शेवटपर्यंत वाचणार नाही, त्यामुळे एकच दिवस घेते, दाभोळ ते गणपतीपुळे. हाच का तर याच दिवसात दोन खाड्या, दोन फेरीबोटी आणि अख्ख्या राईडमधले सगळ्यात खडे चढ येतात, आणि सपोर्ट सपोर्ट म्हणून जे सांगितलेलं असतं ते खरंच आहे का हे याच दिवशी कळतं.

आधी सरळ उत्तर देते. जा, नक्की जा. पण काय मिळणार आणि काय नाही मिळणार हे नीट माहीत करून जा.

ही राईड कुठली टूर कंपनी चालवत नाही. हौशी सायकलवाले आहेत, नोकरी धंदा सांभाळून करतात, वेबसाईट नाही ब्रोशर नाही, ओळखीतून व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म येतो आणि भरला की झालं. सामानाला एक टेम्पो, मागे एक सपोर्ट गाडी, एक मेकॅनिक, पुढे एक लीड आणि शेवटी एक स्वीप रायडर, एवढाच ग्रुपचा स्वतःचा ताफा. बाकी सगळं गावांवर. राहायचं गावातल्या घरांमध्ये किंवा देवळाच्या भक्तनिवासात, जेवण महिला बचत गटाकडे नाहीतर कुणाच्या तरी मागच्या अंगणात, आणि प्रत्येक गावात एक माणूस आधीच ठरवलेला, ज्याचा नंबर सगळ्या रायडर्सकडे असतो. कागदावर वाचलं तेव्हा मला हे जरा कच्चं वाटलं होतं, कारण आधी मी ज्या सपोर्टेड राईड्सना गेले तिथे हॉटेल, बुफे, दर वीस किलोमीटरला एनर्जी ड्रिंकचं टेबल असं असायचं. इथे टेबलं नाहीतच. तरी ही राईड मला जास्त आवडली, कशी ते पुढे येईलच.

रस्त्याचं आधी सांगते कारण नवीन लोक इथेच फसतात. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट असणार असं आपल्याला वाटतं. कोकणात तसं नाही. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या छोट्या पण जोरकस, समुद्राला मिळताना प्रत्येकीची खोल खाडी झालेली, आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच सडा, म्हणजे पठार. म्हणजे रस्ता सड्यावरून खाली खाडीत किंवा गावात उतरणार, आणि लगेच पलीकडे तेवढाच वर चढणार, दिवसभर हेच. दाभोळ ते गणपतीपुळे अंतर ७५-८० किलोमीटरच्या आसपास, ऐकायला काहीच नाही, पण माझ्या गार्मिनने, म्हणजे सायकलवरच्या जीपीएसने, चढाई १२०० मीटरच्या वर दाखवली आणि ती सलग एका घाटात नाही, तुकड्या तुकड्यात, दीड-दोन किलोमीटरचे खडे चढ. पुणेकरांना सांगायचं तर सिंहगड एकदा चढणं सोपं, कारण तिथे निदान एकदा लय सापडली की धरून ठेवता येते. इथे लय सापडेपर्यंत उतार सुरू होतो, अंग गार पडतं आणि परत चढ.

आदल्या रात्री आम्ही दाभोळात घरोघरी विभागून होतो. मी आणि अजून दोघीजणी एका खालांकडे, खाला म्हणजे मावशी. अधिकृत नाश्ता गुहागरला होता, पहिल्या बोटीआधी फक्त चहा मिळेल असं ग्रुपवर स्पष्ट लिहिलेलं. पहाटे उठून बघतो तर खाला चुलीपाशी, घावणे निघतायत आणि सोबत नारळाची चटणी. "खाली पोटी धोपाव्याचा चढ नाय चढायचा" एवढंच म्हणाल्या आणि वाढत राहिल्या. हे ग्रुपने सांगितलेलं नव्हतं, याचे पैसेही ठरलेले नव्हते. त्यांना तो चढ माहीत होता आणि आम्हाला नव्हता, बस.

दाभोळ बघायला थोडा तरी वेळ द्यायला हवा होता असं माझं मत आहे. आज लहानसं गाव वाटतं, पण बहमनी आणि मग आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १५व्या शतकात हिंदुस्थान फिरून परत निघाला तो इथूनच जहाजावर चढला. धक्क्याजवळ आदिलशाही काळातली देखणी मशीद आहे, चंडिका देवीचं गुहेतलं देऊळ आहे, आणि आम्ही अंधारात आलो अंधारातच निघालो. आयोजकांनी आदल्या दिवशी तासभर आधी पोचवलं असतं तरी चाललं असतं.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून सुरू आहे, सुवर्णदुर्ग शिपिंगची. त्याआधी गाडी घेऊन गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा. सकाळची पहिली फेरी, अजून नीट उजाडलेलं नाही, एका बाजूला आमच्या सायकली, दुसऱ्या बाजूला मासळीच्या टोपल्या घेऊन बायका, एसटीला जाणारी माणसं, एक-दोन पिकअप. सायकली लावायला बोटीवरच्या पोरांनी स्वतःहून मदत केली, डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाची बाजू वर ठेवा हे त्यांना सांगावं लागलं नाही, इतक्या सायकली त्यांनी आता बघितल्यात. समोर अंजनवेलच्या बाजूला तो प्रसिद्ध वीज प्रकल्प दिसतो, पूर्वीचा एन्रॉनचा. नाव दाभोळचं पडलं पण आहे खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात. आमच्याबरोबरच्या एका काकांचं सगळं तरुणपण त्या प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाच्या बातम्या वाचण्यात गेलेलं, ते बोट लागेपर्यंत त्याच्यावरच बोलत होते आणि ऐकायला खरंच छान वाटत होतं.

बोटीतून उतरलं की धोपाव्याचा चढ. धक्क्यावरून थेट. पाय गरम व्हायला शंभर मीटरसुद्धा मिळत नाहीत. खालांचे घावणे तेव्हा कामाला आले. इथे लीड रायडरबद्दल तक्रार आहे माझी. लीड म्हणजे पुढे पळणारा नव्हे, पुढे राहून ग्रुप धरून ठेवणारा. आमचे लीड आणि त्यांच्याबरोबरचे चार-पाच रोडीवाले, म्हणजे हलक्या, वेगवान रोड बाईकवाले, पहिल्या चढावर जे गेले ते थेट गुहागरलाच दिसले. मधल्या फाट्यावर कुणी थांबलेलं नव्हतं आणि वेलदूरकडे वळायचं नाही हे आम्हाला एका दूधवाल्याने सांगितलं. त्याने आम्ही विचारायच्या आधीच हात करून रस्ता दाखवला, म्हणजे गावात आधी कळवलेलं होतं की आज सायकलवाले येणार आहेत. हे काम ग्रुपने चोख केलंय. राईडच्या आठवडाभर आधी त्यांचा एक माणूस बाईकवरून सगळा रस्ता फिरून गावागावात सांगून येतो, असं नंतर कळलं.

गुहागरला व्याडेश्वराच्या देवळाजवळ नाश्ता. पोहे, केळी, चहा, चांगलं होतं, गरम होतं, जास्त लिहिण्यासारखं काही नाही. समुद्र बघायला दहा मिनिटं मिळाली.

खरा दिवस गुहागरच्या पुढे सुरू होतो. असगोलीच्या चढानंतर पालशेतकडे उतरताना आमच्यातल्या एकीचं मागचं टायर बाजूने फाटलं. पंक्चर नाही, साईडवॉलला बोटभर चीर, ट्यूब बाहेर फुगून आलेली. हे ट्यूब बदलून होत नाही, टायरच हवं. आता मेकॅनिक कुठे, तर तो पुढच्या ग्रुपबरोबर हेदवीच्याही पुढे गेलेला. एकच मेकॅनिक असेल तर तो शेवटी पाहिजे, स्वीपबरोबर, हा साधा नियम आहे आणि तो पाळला नव्हता. सपोर्ट गाडीत स्पेअर टायर होतं पण २६ इंचाचं, तिची सायकल ७००सी, म्हणजे चाक त्याहून मोठं. मी तिथे मनातून खूप चिडले होते कारण फॉर्ममध्ये प्रत्येकाने चाकाचा साईज भरून दिला होता. विचारून घेता मग वापरा ना ती माहिती.

मग स्वीपने त्या गावातल्या ठरलेल्या माणसाला फोन केला. ते दहा मिनिटांत स्कूटरवर आले, टायर बघितलं आणि म्हणाले चला. रस्त्याला लागूनच दुचाकीचं गॅरेज, एक विशीतला मुलगा चालवतो. सायकलचं काम तो करत नाही, तसं त्याने आधीच सांगितलं. पण त्याने टायर पूर्ण उतरवलं, आतून हात फिरवून काटा-खडा नाही ना बघितलं, बाईकच्या जुन्या ट्यूबचा जाड तुकडा कापला, कडा घासून पातळ केल्या म्हणजे नवीन ट्यूबला घासणार नाही, सोल्युशन लावून आतून बसवला, वर अजून एक पट्टी दिली आणि हवा नेहमीपेक्षा कमी ठेवायला सांगितली. "उतारावर सावकाश जावा ताई, रत्नागिरीत टायर भेटल." ते टायर दुसऱ्या दिवशी रत्नागिरीपर्यंत गेलं. पैसे घेईना. तेव्हा ते स्कूटरवाले गृहस्थ त्याला म्हणाले, हे ठरलेलं आहे, घ्यायचे, आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतले.

या वहीबद्दल मी मुद्दाम विचारलं. प्रत्येक गावात एक रक्कम आधी देऊन ठेवलेली असते, गावातल्या कुणी काही काम केलं, कुणाचं काही सामान वापरलं तर त्यातून तिथल्या तिथे द्यायचं. जेवणाचा दर ग्रुप ठरवत नाही, बचत गटाच्या बायका ठरवतात आणि ग्रुप अर्धे पैसे महिनाभर आधी देतो म्हणजे तांदूळ-नारळ उधारीवर आणायला लागत नाहीत. मला ही गोष्ट अख्ख्या राईडमधली सगळ्यात महत्त्वाची वाटली. आपल्याकडे कोकणातली माणसं किती प्रेमळ म्हणून फोटो टाकायचे आणि त्यांच्या अंगणात फुकट जेवून निघायचं हा प्रकार मी बघितलाय आणि मला तो अजिबात सहन होत नाही. पाहुणचार त्यांनी करावा, तो ते करतातच, पण कामाचे पैसे कामाचे.

पुढे वेळणेश्वर फाटा. वेळ गेलेला असल्यामुळे आम्ही खाली देवळात उतरलो नाही, कारण खाली उतरलं की परत वर यायला लागतंच. ज्यांची सकाळ सुरळीत गेली त्यांनी उतरावं, किनारा सुंदर आहे.

हेदवीला जेवण. दशभुजा गणपतीच्या देवळापासून जवळ एका घराच्या पडवीत पंगत. आता हे जेवण सांगते. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, डाळिंब्यांची उसळ, भात, सोलकढी, ओल्या काजूचा हंगाम अजून यायचा होता त्याबद्दल वाढणाऱ्या मावशींनीच दोनदा हळहळ व्यक्त केली, लोणचं, आणि शेवटी गूळ घातलेलं नाचणीचं सत्त्व. सायकल चालवताना दुपारी काय खावं यावर ग्रुपमध्ये खूप चर्चा चालतात, कार्ब किती प्रोटीन किती. कुळथाची पिठी आणि भात खाऊन दोन चढ चढून बघा. पोट जड होत नाही, मीठ-पाणी भरून निघतं, आणि सोलकढीने घसा असा मोकळा होतो की परत भूक लागते. पानं केळीची, पाणी पिंपातलं, बाटल्या आपल्या आपण भरायच्या, प्लास्टिकची एकही बाटली दिवसभरात दिसली नाही. ज्यांनी वाढलं त्या सगळ्या बचत गटातल्या, त्यातल्या एकीची मुलगी चिपळूणला कॉलेजात, ती माझ्या सायकलचे गिअर किती वेळ बघत होती. शेवटी हेल्मेट घालून अंगणात चक्कर मारूनच आली, तिची आई पदर तोंडाला लावून बघत होती आणि नंतर मला म्हणाली की लहानपणी आम्हीपण चालवायचो हो, सड्यावर.

इथेच अजून एक तक्रार. बायकांसाठी टॉयलेटचं नियोजन. नाश्त्याला देवळाचं होतं, जेवणाला त्या घरातलं वापरलं, पण मधल्या मोठ्या पल्ल्यात काही ठरवलेलं नव्हतं. सगळ्या पुरुषांनी मिळून प्लॅन केलं की हे राहतंच. आम्ही संध्याकाळच्या मिटिंगमध्ये बोललो आणि त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गावातल्या एका घराचं नाव मेसेजमध्ये आलं. म्हणजे जमत होतं. सुरुवातीपासून करा.

हेदवीची बामणघळ भरतीला बघायची असते, लाट कपारीत घुसून वर उसळते. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. भरतीचं गणित बघून जेवणाची वेळ ठरवता येईल का हे आयोजकांनी एकदा तपासावं, कोकणातल्या कॅलेंडरमध्ये तिथी बघून कुणीही सांगेल.

हेदवी ते तवसाळ हा मला सगळ्यात कठीण गेलेला तुकडा. दुपारचं ऊन, सड्यावर सावलीला झाड नाही, जांभा तापून खालून वाफ मारतो, आणि रस्ता काही ठिकाणी खडबडीत. जानेवारी असूनसुद्धा. इथे सपोर्ट गाडी आमच्या मागे-पुढे होती आणि ड्रायव्हरदादांना पूर्ण मार्क. ते गाडीतून हाका मारत नव्हते, चढाच्या माथ्यावर जाऊन उभे राहायचे, मीठ-लिंबू-साखरेचं पाणी तयार, ओलं फडकं तयार. एका काकांना गरगरल्यासारखं झालं तर कुठलाही आग्रह न करता सायकल वर टाकली, त्यांना गाडीत बसवलं आणि धक्क्यावर उतरवलं. "सोडली राईड" असं कुणी एका शब्दाने म्हणालं नाही. ग्रुपचं हे वातावरण मला फार आवडलं.

तवसाळहून जयगडला जाणारी फेरी दाभोळइतकी वरचेवर नसते, त्यामुळे बोट चुकली की वाट बघायची. आमची चुकली. धक्क्यावर बसून शहाळी प्यायलो, आणि खरं सांगायचं तर ग्रुप एकत्र यायला ही सक्तीची विश्रांतीच उपयोगी पडली. सागरी महामार्गाचे खाड्यांवरचे पूल झाले की या बोटी राहतील का माहीत नाही. गावातल्या माणसांना पूल हवाय, रात्री-अपरात्री आजारी माणूस न्यायचा तर बोट नसते, त्यांचं म्हणणं मला पटलं. पण सायकलवर जायचं असेल तर आत्ताच जाऊन या.

जयगडला उतरलं की परत चढ, आणि या बाजूला बंदरामुळे मोठे ट्रेलर-डंपर. इथे ग्रुपने एका ओळीत चालवायला लावलं आणि सपोर्ट गाडी मागे ब्लिंकर लावून ठेवली, बरोबर केलं. एका चढावर झेडपीच्या शाळेतून सुटलेली मुलं कडेला उभी. त्यांना कुणी उभं केलं नव्हतं. प्रत्येक सायकलला "अजून थोडंच र्‍हायलंय" म्हणून ओरडत होती. दोन मुलं माझ्या बाजूने माथ्यापर्यंत पळत आली, अनवाणी, मी दमले ती नाही दमली. वर पोचल्यावर त्यांना चिक्की दिली तर आधी म्हणाली नको, मग एकाने घेऊन दोन तुकडे केले.

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, त्यांचं जन्मघर, कुसुमाग्रजांच्या हस्ते १९९४ मध्ये उद्घाटन झालेलं. आम्हाला उशीर झालेला, बाहेरूनच बघितलं. तिथून गणपतीपुळे अगदी जवळ. सहाच्या आसपास शेवटचे रायडर पोचले, अंधार पडायच्या आत, हे महत्त्वाचं. राहायची सोय गावातल्या घरांमध्ये, स्वच्छ, गरम पाणी बादलीने, गाद्या जमिनीवर. ज्यांना कमोड आणि एसी लागतो त्यांनी आधी बोलून वेगळी खोली घ्यावी, मिळते.

पैशाचं विचाराल तर राहणं, जेवण, टेम्पो सगळं धरून दिवसाचे जेवढे होतात तेवढ्यात गणपतीपुळ्याला शनिवार-रविवारी बरी खोलीपण मिळणार नाही.

कुणी जावं? घाटात सायकल चालवायची सवय असलेल्यांनी. फक्त सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर करणाऱ्यांनी आधी दोन-तीन महिने चढ करावेत. मागे ३२ किंवा ३४ दाताचा स्प्रॉकेट असलेली कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) लावून घ्या म्हणजे चढ हलके जातात, २५ मिलीमीटर रुंदीचे टायर असतील तर २८ किंवा ३२ बसतात का बघा, ब्रेक पॅड नवीन घालून जा कारण उतार चढांइतकेच खडे आहेत. आपल्या साईजचं एक फोल्डिंग (घडी होणारं) टायर सामानाच्या टेम्पोत टाका, सपोर्टवर सोडू नका. दोन ट्यूब अंगावर. सुटे पैसे ठेवा, बोटीला आणि शहाळ्यांना लागतात, आणि तवसाळच्या धक्क्यावर मोबाईलला रेंज येत-जात होती त्यामुळे पुढच्या गावातल्या माणसाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

आयोजकांना पुढच्या वर्षीसाठी आम्ही लेखी दिलंय ते इथेही लिहिते: मेकॅनिक शेवटच्या रायडरबरोबर, फाट्यावर माणूस उभा, चढाईचा आलेख आदल्या रात्री सगळ्यांना, आणि दाभोळला एक संध्याकाळ मोकळी. पहिल्या तीन गोष्टी मान्य झाल्यात. दाभोळचं बघतो म्हणाले.